हाड लवकर जुळवायचं भाड्याचं मशीन, बडोदा : ५ पैकी २ स्टार

मोडलेल्या हाडावर हलक्या अल्ट्रासाउंड लहरी सोडणारं हे मशीन खराब नाहीये हे आधीच सांगून टाकते. सांगितलेल्या दिवशी घरी आलं, चार्जिंग टिकतं, चालू केलं की बीप वाजतं आणि वीस मिनिटं झाली की आपलं आपण बंद होतं. स्टार कापलेत ते विकताना जे सांगतात त्याचे. ज्यांना घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांनी एवढंच वाचा, पाय नुकताच मोडलाय, रॉड बसलाय आणि डॉक्टर म्हणतायत सगळं बरोबर चाललंय, तर घेऊ नका, तेच पैसे फिजिओला द्या. आणि ज्यांच्या घरात आई नाहीतर सासूबाई रोज विचारतायत की अगं ते मशीन मागवलंस का, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

धाकट्या भावाने वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धाब्यावर (गच्चीवर) पतंगासाठी टाकीच्या कठड्यावरून उडी मारली. पतंग गेलाच, वर नडगीचं हाड मोडलं. त्या दोन दिवसांत बडोद्यातल्या ऑर्थोवाल्यांकडे काय जत्रा असते ते इथल्यांना सांगायला नको. ऑपरेशन झालं, हाडाच्या आत रॉड टाकला आणि त्याला दांडिया बाजारातल्या घरी आणलं, जुनं घर, अंधारा जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही, म्हणजे एकदा वर चढवला की पुढचे किती दिवस तिथेच. मग भेटायला येणाऱ्यांचे सल्ले सुरू झाले, पाया सूप द्या, डिंकाचे लाडू द्या, कांडवेलीचा लेप लावा, आणि समोरच्या काकूंनी तर थेट या मशीनवाल्याचं कार्डच आणून आईच्या हातात दिलं. मी फार्मा कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याच्या कामात आहे त्यामुळे कुठलाही टक्केवारीचा आकडा दिसला की तो कुठून आला हे बघायची खोड आहे, मी म्हटलं थांबा जरा. पण आईपुढे कोण बोलणार, तिने फोन लावलासुद्धा.

पोरगा आला बॅग घेऊन, बोलायला गोड. "काकी, ३८ टका जल्दी जोडाई जशे, फॉरेनमां अप्रूव्ड छे." ब्रोशरवर पण तेच, मोठ्या अक्षरात ३८ टक्के आणि खाली एक गोरा माणूस धावतोय. भाडं किती ते मी मुद्दाम लिहीत नाही कारण आम्हाला एक सांगितलं आणि मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्यांना वेगळंच, म्हणजे भाव करायला भरपूर जागा आहे असं समजा. डिपॉझिट वेगळं. फॉर्म भरून घेतला त्यात नाव, पत्ता, आधार नंबर, पर्यायी मोबाइल नंबर सगळं होतं, पण सिगरेट ओढता का, डायबेटिस आहे का, ऑपरेशन कधी झालं, यातलं काहीही नाही. त्यावर नंतर येते.

मशीन म्हणजे हातात मावेल एवढा डबा, एक वायर आणि तिच्या टोकाला गोल चकती. चकतीला जेल लावायचं, मोडलेल्या जागेवर बरोबर ठेवायची, पट्टा आवळायचा, बटण दाबायचं. ती जागा बरोबर कुठली हे त्या पोराला माहीत नव्हतं, तो म्हणाला जिथे दुखतं तिथे ठेवा. अहो, रॉड टाकलेल्या पायात गुडघ्यापाशीही दुखतं, घोट्यापाशीही दुखतं. शेवटी टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांकडून एक्सरे बघून मार्करने फुली करून घेतली आणि अंघोळीनंतर रोज ती फुली परत गिरवायची हे काम वहिनीकडे. जेल संपलं की नवीन ट्यूब मशीनवाल्याकडूनच घ्या म्हणतात, गरज नाही, साधं अल्ट्रासाउंड जेल रावपुऱ्यात सर्जिकलच्या दुकानात मिळतं.

लावल्यावर जाणवत काहीच नाही. गरम नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. भाऊ दोनदा म्हणाला हे चालू तरी आहे का. ते बरोबर आहे, तसंच असतं. याची ताकद चौरस सेंटीमीटरला फक्त ३० मिलीवॉट, वारंवारता १.५ मेगाहर्ट्झ, साधारण सोनोग्राफीच्या पातळीचं. फिजिओकडे जे गोल गोल फिरवतात ते अल्ट्रासाउंड वेगळं, त्याची ताकद वॉटमध्ये मोजतात आणि त्याने आतल्या टिश्यूला शेक बसतो. नाव एकच असल्याने लोक गल्लत करतात आणि म्हणतात आमच्या फिजिओकडे फुकटात होतं, तुम्ही भाडं कशाला भरता. दोन्ही वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

एक गंमत. स्क्रीनवर आधी किती वेळा वापरलं त्याची नोंद दिसते आणि आमच्याकडे आलेल्या मशीनमध्ये आधीच्या पेशंटची नोंद तशीच होती, पुसलेली नाही. सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड, मग सुट्टीच. पण भाडं त्यांनी पूर्ण महिन्यांचं भरलं असणार. स्वच्छतेचं म्हणाल तर पट्ट्यालाही आधीच्या माणसाचा वाळलेला जेल चिकटलेला होता, मी डेटॉलने धुऊन काढला. यासाठी अर्धा स्टार अजून कापायला हवा खरं तर.

आता ते ३८ टक्के. ते खोटं नाहीये, म्हणूनच जास्त राग येतो. १९९४ मध्ये अमेरिकेत नडगी मोडलेल्यांवर एक ट्रायल छापून आली, खरं मशीन लावलेल्यांचं हाड सरासरी ९६ दिवसांत जुळलं आणि नुसतं दिखाऊ मशीन लावलेल्यांचं १५४ दिवसांत. वजाबाकी करा, भागाकार करा, ३८ टक्के येतात. पण ते सगळे पेशंट प्लास्टरवाले होते. रॉड कोणालाच नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, मशीनला मंजुरी दिली, म्हणजे फॉरेनमां अप्रूव्ड हेही खरं, फक्त नवीन फ्रॅक्चरसाठीच्या त्या मंजुरीत स्पष्ट लिहिलंय की हाड बाहेरून बसवून प्लास्टर घातलेल्या नडगीसाठी आणि मनगटासाठी. आमच्याकडे प्लास्टरच नाही! हे मी त्या पोराला फोनवर विचारलं तर म्हणे मॅडम, हाड तो हाड छे ने.

हाड ते हाड नसतं हो. प्लास्टरमध्ये बाहेरून धरून ठेवतात, रॉडमध्ये आतून, शिवाय रॉडवाला लवकर पायावर भार टाकू शकतो. आणि रॉडवाल्यांवर वेगळी ट्रायल झालेली आहे, छोटी स्वीडनमध्ये १९९९ मध्ये, आणि मोठी ट्रस्ट नावाची, ५०१ पेशंट, सगळे नडगी मोडलेले आणि रॉड टाकलेले, म्हणजे थेट आमच्या भावासारखे. निम्म्यांना खरं मशीन, निम्म्यांना दिसायला अगदी तेच पण आतून मुकं. कोणाला कुठलं ते पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. २०१६ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, एक्सरेवर हाड जुळायला लागलेला वेळ सारखा, कामावर परत जाणं सारखं, चालणं फिरणं सारखं. आणि यात मशीन बनवणाऱ्या कंपनीचेही पैसे होते, म्हणजे कोणी आकसाने केलं असंही म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी बीएमजेच्या पॅनेलने सरळ सांगितलं की फ्रॅक्चरसाठी हे वापरू नका. आमच्या मशीनवाल्या पोराच्या ब्रोशरमध्ये मात्र घड्याळ १९९४ लाच बंद पडलंय.

मग माझ्या भावाचं हाड जुळलं का? जुळलं. छान जुळलं. आई सगळ्यांना सांगते मशीनमुळे. समोरच्या काकू तर स्वतःमुळे म्हणतात. मी वाद घालत नाही, कारण एका माणसाच्या एका पायावरून कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, त्याचा दुसरा तसाच मोडलेला पाय बिनमशीनचा ठेवला असता तर कळलं असतं. बहुतेकांची नडगी चार ते सहा महिन्यांत जुळतेच, आधी मोडल्या जागी रक्त साकळतं, मग कूर्चेसारखा मऊ जोड येतो, मग तो कडक होतो आणि शरीर पुढे महिनोन्महिने त्याला घासूनपुसून आकार देत बसतं. मशीन लावा, लेप लावा, काही लावू नका. म्हणून तर या धंद्यात गिऱ्हाईक नाराज होत नाही.

ज्याने फरक पडतो ते फॉर्मवर नव्हतंच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वहिनीसमोर विचारलं, सिगरेट किती? भाऊ म्हणाला अधूनमधून, वहिनीने डोळे वटारले, खरा आकडा बाहेर आला. सिगरेटने हाडाकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतो आणि ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत, हे ऑर्थोवाले किती वर्षं सांगतायत. त्याने सोडली, निदान धाब्यावर जाता येत नव्हतं तोपर्यंत तरी नक्की सोडली. दुसरं म्हणजे भार. घरच्यांचा जीव इतका की पाय खाली टेकवू देईनात, आणि फिजिओ येऊन म्हणायचा टेकवा, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, टेकवा. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरने बाहेरून रिंगा लावून दिवसाला १ मिलिमीटर या हिशेबाने हाड लांबवून दाखवलं, सगळा खेळ बेताच्या ताणावर. हाडाला काम दिलं की ते वाढतं, पलंगावर ठेवलं की विरळ होतं. आमच्या फिजिओला मी पाचपैकी पाच देईन. कपाळावर आठ्या, वेळेचा पक्का, आणि आईने केलेला शिरा खाल्ल्याशिवाय जात नाही.

हाड जुळल्यावरही गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायचं राहिलं, मांडी घालून बसलं की जास्त. भाऊ घाबरला, त्याला वाटलं रॉड सरकला. रॉड गुडघ्यापाशी कापून आत घालतात त्यामुळे हे बऱ्याच जणांना होतं आणि एक्सरे चांगला असला तरी होतं. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि तेव्हा दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय असं दर वेळी नसतं, नसा आणि मेंदू सवयीने घंटा वाजवत राहतात. फिजिओने त्याला हे समजावून सांगितलं आणि हळूहळू जिन्याच्या पायऱ्या वाढवत नेल्या. आता बरंच कमी आहे.

आणि नेमक्या याच वेळी मशीनवाल्याचा परत फोन. पेन पॅकेज घ्या, चुंबकाचा पट्टा आहे, नसांना करंट देणारं छोटं मशीन आहे, आणि काकींच्या गुडघ्यांसाठी आमच्या ओळखीचे डॉक्टर स्वतःच्याच रक्तातून पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला भाग, काढून इंजेक्शन देतात, कूर्चा नवीन येते. करंटवाल्या टेन्सला मी नाही म्हणणार नाही, काहींना लावलं असेपर्यंत आराम वाटतो, स्वस्तही आहे, भाड्याने कशाला घ्यायचं, विकतच मिळतं. पीआरपीचं मात्र मी आईला स्पष्ट सांगितलं. ऑस्ट्रेलियात २८८ गुडघेदुखीवाल्यांवर ट्रायल झाली, २०२१ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापली, निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधं सलाइन टोचलं, वर्षभराने दुखणं दोघांचं जवळपास सारखंच कमी झालेलं आणि कूर्चेतही फरक नाही. आई म्हणाली मग सलाइनच टोचून घेऊ का, ते तरी स्वस्त पडेल. काय बोलणार.

मशीन कोणालाच नको असं मात्र मी म्हणत नाहीये. ज्यांचं हाड महिनोन्महिने जुळतच नाहीये आणि डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचं बोलतायत त्यांची गोष्ट वेगळी. एफडीएची न जुळणाऱ्या हाडांसाठीची मंजुरी २००० ची आहे, आणि इंग्लंडच्या नाइस या, कुठले उपचार वापरावेत ते सांगणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये तीन वेगवेगळे कागद काढले, साध्या नवीन फ्रॅक्चरला वापरू नका, जुळायला अडचण येईल अशा नवीन फ्रॅक्चरला फक्त संशोधनात वापरा, आणि जुळणं अडकलेल्या हाडाला पुरावा कमी आहे हे पेशंटला सांगून, नोंद ठेवून वापरा. म्हणजे तिथेही खात्री नाही, पण निदान विचारण्यासारखा प्रश्न आहे. तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचा, बॅग घेऊन येणाऱ्याला नाही.

सर्व्हिस बाबतीत, फोन उचलतात, बॅटरी बिघडली तर दुसऱ्या दिवशी बदलून दिली, हे दोन स्टार त्याचेच. परत न्यायला मात्र येईनात, आज येतो उद्या येतो करत महिना उलटून पुढचं भाडं लागेपर्यंत. घेणारच असाल तर चार्जर, चकती आणि पट्टा यांचे पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा, परत नेतानाची तारीख व्हॉट्सअपवर लेखी घ्या, आणि डिपॉझिट हातात पडल्याशिवाय मशीन जिन्याखाली उतरू देऊ नका.