‘सांत्वन’ शोधताना: एका शब्दकोश-अ‍ॅपचा अनुभव

इमारतीतल्या एका काकूंना संस्थेच्या वतीने शोकपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा वर्षाला 199 रुपये वर्गणी भरून घेतलेल्या एका मराठी शब्दकोश-अ‍ॅपमध्ये मी ‘सांत्वन’ हा शब्द काढून पाहिला. घाईत ‘सांत्वण’ असे टंकले गेले होते, तरी अ‍ॅपने नेमका शब्द पुढे केला, त्याचे नपुंसकलिंग दाखवले आणि इंटरनेट बंद असतानाही ते अडले नाही.

अर्थाच्या जागी मात्र ‘दिलासा, धीर, समाधान’ असे तीन शब्द एका ओळीत बसवलेले आहेत, आणि त्याखालचे उदाहरण असे: ‘नापास मुलाला वडिलांनी सांत्वन दिले.’ मराठीत सांत्वन करतात, तेही कुणाचे तरी. देतात तो धीर किंवा दिलासा. नापास मुलाची समजूत काढतात, कारण सांत्वन हा शब्द आज बहुतेक वेळा मृत्यूच्या घरीच येतो. फारसीतून आलेला ‘दिलासा’ वर्तमानपत्रांनी कर्जदार, करदाते आणि जामीन मिळालेले आरोपी यांच्यासाठी इतका वापरला आहे की शोकपत्रात तो सरकारी वाटतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘साम’ आणि ‘सान्त्व’ हे समानार्थी दिले आहेत. म्हणजे साम, दाम, दंड, भेद यांतल्या सामाशी, गोड बोलून मन वळवण्याशी, या शब्दाचे जुने नाते आहे. अ‍ॅपमध्ये व्युत्पत्तीचा रकाना असूनही तो येथे रिकामा आहे.

‘कन्सोलेशन प्राइझ’ शोधले तर ‘सांत्वना पुरस्कार’ हे थेट हिंदी उत्तर मिळते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्याने ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस घेतले आहे (मी दोनदा घेतले), त्याला हे खटकणारच.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिची मराठी जुनी आणि अर्थ इंग्रजीत, पण शब्द वाक्यात कसा बसतो याची जाण तिथे पानोपानी दिसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अ‍ॅपने सांगायला हवी होती, ती अशी की दुःखी माणसाला आपण ‘तुमचे सांत्वन करतो’ असे कधीच म्हणत नाही. हा शब्द बातमी देणाऱ्याचा आहे. जाणारा माणूस ‘भेटून येतो’ एवढेच म्हणतो. शेवटी पत्रात मी ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ असे लिहिले. शुद्धलेखनापुरते हे अ‍ॅप वर्गणी संपेपर्यंत ठेवीन. पुन्हा पैसे भरणार नाही.