लोकसहभागासाठी अभ्यासगट की स्पर्धा?

गावाचे काम गावकऱ्यांच्याच हातून उभे राहावे असे वाटणाऱ्या कार्यकर्त्याने लोकशिक्षणाच्या दोन पद्धती ताडून पाहाव्यात: पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारण स्पर्धेची आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या अभ्यासगटाची.

वॉटर कप २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाला आणि २०१९पर्यंत चालला. पद्धत मात्र आजही उचलता येते. गावातील निवडक मंडळींना आधी प्रशिक्षण, मग ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस श्रमदान. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या जमिनीचा उतार पारदर्शक नळीच्या दोन टोकांतली पाण्याची पातळी दाखवून देते, हे ज्याने स्वतः नळी धरून पाहिले, त्याला चर कुठून खणायचा हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. मुदत आणि बक्षीस यांमुळे चुरस लागते, एरवी एकमेकांकडे न फिरकणाऱ्या आळ्या एकत्र येतात.

मेंढ्याची रीत संथ आहे. अभ्यासगटात एखादा विषय घेऊन लोक बसतात, जाणकाराला बोलावतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो. मध काढताना माश्या मरू नयेत, हाही तिथे अभ्यासाचा विषय झाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षे जपलेल्या या सवयीमुळेच वनहक्क कायदा आल्यावर त्याचा उपयोग कसा करायचा हे गावाला उमगले, असे मला वाटते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, म्हणजे बांबू विक्रीसाठी बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभाच देऊ लागली.

काम मोजता येण्याजोगे आणि पावसाळ्याआधी उरकायचे असेल, तर स्पर्धेची पद्धत निःसंशय सरस. प्रश्न हक्काचा किंवा वाटपाचा असेल, तर अभ्यासगटाला पर्याय नाही, मग दोन वर्षे लागली तरी चालतील. माझा कल अभ्यासगटाकडे आहे. तरीही स्पर्धेचीच वाट धरायची असेल, तर अडवलेले पाणी कोणी किती उपसायचे आणि कोणती पिके घ्यायची, हे पहिली कुदळ पडण्यापूर्वी ग्रामसभेत ठरवून घ्यावे. विहिरी भरल्यावर नवी बोअर मारायला निघालेल्या शेजाऱ्याला थांबवणे फार अवघड जाते.