नानकटाई: कढईत, ओव्हनमध्ये की बेकरीच्या भट्टीत?

एक किलो मैदा, सहाशे ग्रॅम तूप आणि तेवढीच पिठीसाखर घेतली, तर साधारण शंभर नानकटाया होतात. कुठे भाजायच्या हे ठरवताना मी आधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवते. चवीचा प्रश्न नंतर येतो, कारण पीठ जमलं असेल तर नानकटाई कुठेही खुसखुशीत होते. पीठ जमणं म्हणजे तूप पातळ न करता रवाळ, घट्टच घ्यायचं, साखरेबरोबर हलकं पांढरं होईपर्यंत फेसायचं आणि मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होते. मी मैद्यातला पाव हिस्सा काढून त्याजागी थोडं बेसन आणि बारीक रवा घालते. बेसनाने तोंडात विरघळते, रव्याने दाताखाली कुरकुर लागते.

पहिल्यांदाच करणार असाल, तर काहीही विकत आणू नका. जाड बुडाची जुनी कढई घ्या, तळाशी दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग तूप लावलेल्या ताटलीत सात-आठ गोळे अंतर सोडून मांडा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. ताटली कढईच्या कडांना चिकटून बसता कामा नये, गरम हवा फिरायला चहूबाजूंनी जागा हवी. अनेकजणी यासाठी कुकर वापरतात, शिट्टी आणि रबर काढून. पण कुकर पाण्याशिवाय तापवण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे रोजच्या भाताचा कुकर यात घालू नये असं मला मनापासून वाटतं.

कढईची मर्यादा म्हणजे उष्णता खालूनच मिळते. बूड बदामी होतं तेव्हा वरची बाजू पांढरीच असते. वर रंग येण्याची वाट पाहिली की खालून करपते. आणि हिशेब करा: एका खेपेला आठ, तर शंभर नानकटायांना बारा-तेरा खेपा, म्हणजे पाच तास गॅसपाशी उभं राहणं. पाव किलो मैद्याच्या करायच्या असतील, तर कढईसारखं स्वस्त आणि सोपं काही नाही.

ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरखाली दोन्हीकडे कॉइल असते, म्हणून रंग सारखा येतो. अठ्ठावीस-तीस लिटरच्या ओटीजीत एका ट्रेमध्ये सोळा नानकटाया आरामात बसतात. १६० ते १७० अंशांवर सोळा-अठरा मिनिटं पुरतात. शंभर नगांचं काम दोन-सव्वादोन तासांत उरकतं. विजेची भीती अनेकांना असते, पण १५०० वॅटचा ओटीजी दोन तास चालला तरी जास्तीत जास्त तीन युनिट होतात. शिवाय ठरलेलं तापमान गाठलं की तो मधूनमधून बंद होतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

पण ओटीजीच्या बाजूने माझं मत झुकतं ते त्याच्या काचेच्या दारामुळे. कढईपाशी मुलाला उभं करता येत नाही, आणि झाकण उघडलं की आच जाते. ओटीजीसमोर मात्र माझा सहा वर्षांचा मुलगा दोन हात लांब पाटावर बसून राहतो. आठव्या-नवव्या मिनिटाला पहिली चीर पडते, तेव्हा तो आजीला हाक मारतो, "आजी, फुटली, फुटली!" आणि सासूबाई हातातलं काम टाकून येतात. गोळे त्याने वळलेले असतात, त्यामुळे लहानमोठे असतात आणि लहान आधी भाजले जातात. म्हणून त्याचे गोळे मी ट्रेच्या एका बाजूला ठेवते आणि दोन मिनिटं आधी काढते. दार आणि वरची बाजू चांगलीच तापते, एवढं मुलांना आधीच बजावायला हवं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरात असेल तर वेगळा ओटीजी घेऊ नका. त्यातल्या पंख्याने फिरणाऱ्या गरम हवेने पृष्ठभाग लवकर वाळतो, तेव्हा तापमान दहा-वीस अंशांनी कमी ठेवा. आणि धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शनवरच वापरा.

दिवाळीला मात्र माझ्या मते बेकरीच. घरून मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची घेऊन जायचं आणि भाजून आणायचं, ही पद्धत आपल्याकडे गावोगावी आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांतही अजून टिकून आहे. मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर घेतात. भट्टी मोठी, ट्रे मोठे, त्यामुळे दोन-तीन किलोंचा माल एका दमात निघतो. भट्टीच्या तळाची आणि छताची साठवलेली उष्णता सगळीकडून लागते, म्हणून बेकरीतली नानकटाई आतपर्यंत कोरडी होते आणि जास्त टिकते. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. लाकडाचा तो वास मला आवडतो, पण भट्टीशी दिवसभर उभे राहणाऱ्या कारागिरांच्या छातीत तो धूर जातो, तेव्हा हा बदल व्हायलाच हवा होता.

बेकरीत वेळ जातो तो भाजण्यात नाही, नंबर लागण्यात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर अर्धा दिवस मोडतो. पंधरा दिवस आधी जाऊन वार आणि वेळ विचारून या. पीठ त्यांच्याकडे कालवणार असतील तर सोडा किती घालतात ते समोर उभं राहून बघा, जास्त झाला की जिभेवर साबणासारखी चव येते. ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवा. एका वर्षी आमचा साजूक तुपाचा ट्रे दुसऱ्या घरी गेला आणि आमच्याकडे डालड्याचा आला. सासूबाईंनी वर्षभर साठवलेल्या सायीचं तूप होतं ते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नानकटाईवर चारोळीचे तीन दाणे असतात, ओळखीसाठी. ते लावायचं काम मुलाचं.