आविलाची तटबंदी, वसईच्या किल्ल्यात समजून घेताना

वसई किल्ल्यातली ही रविवारची अभ्यासफेरी मी मुद्दाम निवडली, कारण तिच्यात स्पेनमधल्या आविला या तटबंद नगराशी तुलना करून बुरूज समजावतात. आविलाचा तट मुख्यतः बाराव्या शतकातला, सुमारे २.५ किलोमीटर घेराचा. तिथल्या कॅथेड्रलची अर्धगोल पाठभिंतच तटात गुंफलेली असून तीच बुरुजाचे काम करते. मार्गदर्शकांनी तिचे छायाचित्र आमच्या हातात दिले आणि मग सॅन सेबास्तियन बुरुजापाशी नेले, तेव्हा तोफा आल्यावर उंच, गोल बुरुजांची जागा ठेंगण्या, बाणाच्या पात्यासारख्या टोकदार बुरुजांनी का घेतली, हे मला प्रथमच नीट उमगले. याच बुरुजाला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावले होते. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आलेली वसई १५८० ते १६४० या काळात, पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजाकडे असल्याने, स्पेनच्याच राजाच्या अमलाखाली होती, हा दुवाही त्यांनी आवर्जून उलगडला. फ्रान्सिस्कन चर्चमधल्या कोरीव थडग्यांपाशी मात्र जेमतेम पाच मिनिटे मिळाली आणि तीस जणांच्या गटात मागच्यांना नीट ऐकूही येत नव्हते. गट निम्मा ठेवला, तर मी ही फेरी पुन्हा आनंदाने करीन.