‘डायल एम फॉर मर्डर’ पाहावा की ‘अ परफेक्ट मर्डर’?

फ्रेडरिक नॉट यांच्या एकाच नाटकावर बेतलेल्या या दोन चित्रपटांपैकी एकच पाहण्याइतका वेळ हाताशी असेल, तर निवड वाटते तितकी सोपी नाही. पत्नीच्या खुनाचा पतीने आखलेला बेत आणि तो फसल्यावर त्याने टाकलेला नवा डाव, हा सांगाडा दोन्हींकडे आहे.

अँड्र्यू डेव्हिस यांचा १९९८चा ‘अ परफेक्ट मर्डर’ काही बाबतींत निश्चितच सरस आहे. पत्नीच्या प्रियकरालाच खुनाची सुपारी देण्याची कल्पना मूळ कथेत नाही आणि ती विलक्षण परिणामकारक ठरते. ग्विनेथ पाल्ट्रोची नायिका स्वतः शोध घेते. जुन्या चित्रपटातील ग्रेस केलीच्या वाट्याला मात्र, ती मारेकऱ्याला कात्रीने मारते तो प्रसंग सोडला तर, बहुतेक सोसणेच येते.

असे असूनही माझा कौल बदलला तो नव्या चित्रपटाच्या शेवटामुळे. घराच्या किल्लीचे कोडे त्यातही आहे आणि ते नायिकेला उलगडतेही. पण इतका वेळ बुद्धीने खेळलेला सामना अखेर झटापट आणि पिस्तुलावर सोपवला जातो. डेव्हिड सुशेसारखा नट पोलीस अधिकारी म्हणून हाताशी असताना त्याला जवळजवळ काहीच करायला दिलेले नाही, हे मला प्रत्येक वेळी खटकते.

हिचकॉक यांच्या १९५४च्या चित्रपटात जॉन विल्यम्सचा इन्स्पेक्टर हबर्ड त्याच किल्लीवर सगळा शेवट तोलून धरतो, आणि कुणी हातही उगारत नाही. बेत फसायची वेळ येते तीही क्षुल्लक कारणांनी: पतीचे घड्याळ बंद पडते, पत्नीला मारेकऱ्यासमोर आणणारा फोन ज्या टेलिफोन बूथमधून करायचा तिथे आधीच कुणीतरी बोलत असते, आणि इकडे पडद्याआड दडलेला मारेकरी वाट पाहून निघायच्या बेतात असतो. त्या क्षणी फोन लवकर लागावा असे आपल्यालाच वाटू लागते, ही अस्वस्थता नव्या चित्रपटाने मला दिली नाही. बहुतेक कथा एकाच घरात घडत असल्यामुळे काहींना तो नाटकी वाटेल, हे मान्य आहे. मला मात्र पतीच्या भूमिकेतला रे मिलंड खुनाचा आराखडा समजावत असताना कॅमेरा छतावरून खाली पाहू लागतो, तेव्हा ती खोलीच बुद्धिबळाचा पट वाटते.

दोन्ही पाहणे जमणार असेल तर १९९८चा आधी पाहावा. उलट क्रमाने पाहिल्यास त्यातील अखेरची झटापट फारच फिकी वाटण्याची शक्यता आहे.