कोरड्या सावलीची झाडं म्हणून मला काय विकलं गेलं

मोठ्या झाडाखाली बाग करू पाहणाऱ्यांना तिथली अडचण माहीत असते. ऊन पोचत नाही, हलका पाऊस वरच्या पानांतच अडकतो आणि खाली जे मुरतं ते झाड आधी ओढून घेतं. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ३०-४५ सेंटिमीटर मातीतच असतात. अशा कोरड्या सावलीत तगणारी झाडं मोजकीच. माणूस ती शोधून थकलेला असतो, आणि नेमकं हेच हेरून काही ऑनलाइन विक्रेते गंडा घालतात.

मी घेतलेल्या संचाची जाहिरात होती, ‘कोरड्या सावलीसाठी काटक बहुवर्षायू झाडं, एकदा लावा, पाणी विसरा’. फोटोत गुलाबी तुरे आणि चमकदार निळी पानं. पिशवीतून आले कोकोपीटमध्ये गुंडाळलेले गड्डे; काही भरीव, काही दाबल्यावर पोकळ लागणारे. चिठ्ठ्यांवर ‘गुलाबी तुरा’, ‘निळी राणी’ असली नावं, शास्त्रीय नाव एकावरही नाही.

पानं फुटल्यावर उलगडा झाला. गुलाबी तुरा म्हणजे अ‍ॅस्टिल्बी. हे सावलीतलं झाड आहे हे खरं, पण त्याला कायम ओलसर माती लागते. माती सुकली की पानांच्या कडा करपून कुरकुरीत होतात, आणि तसंच झालं. निळी राणी निघाली साधी हिरवी होस्टा, म्हणजे पानांच्या शोभेसाठी लावतात ते सावलीतलं झाड. होस्टाच्या काही जातींवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पान निळसर-राखाडी दिसतं. जाहिरातीतला झगझगीत निळा रंग होस्टात नसतोच. तो फोटो रंगवलेला होता. तोच फोटो शोधून पाहिला तर वेगवेगळ्या नावांच्या दुकानांवर सापडला.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘दिवसातून दोनदा पाणी घाला.’ पाणी विसरा म्हणून विकलेल्या झाडाला! पुढे फोटो मागवले, मग आणखी फोटो मागवले, आणि त्यात परतीची मुदत संपली. ‘जिवंत माल परत घेत नाही,’ असं शेवटी कळवलं. हा वेळकाढूपणा ठरवून केलेला असतो. गड्डा फुटून झाड ओळखू येईपर्यंत मुदत सरते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव लेखी मागा. जो टाळतो त्याच्याकडून काही घेऊ नका. नाव मिळालं की त्याला ओल किती लागते ते स्वतः तपासा, कारण ‘सावलीतलं’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

थंड हवेत कोरड्या सावलीत खरोखर टिकतात ती एपिमेडियम, जिरेनियम मॅक्रोरायझम आणि ड्रायऑप्टेरिस फिलिक्स-मास हे नेचं. उबदार हवेत अ‍ॅस्पिडिस्ट्रा, लिरिओपी, स्नेक प्लांट. पण यांतलं एकही पहिल्या दिवसापासून पाण्याविना जगत नाही. मुळं नीट रुजेपर्यंत, म्हणजे निदान पहिलं वर्षभर, पाणी द्यावंच लागतं. तसं न सांगणारा खोटं बोलतो. रोपं लहानच घ्या, म्हणजे जुन्या मुळांच्या मधल्या फटीत बसतात. वर पाचोळ्याचा पाच-सात सेंटिमीटर थर द्या, बुंध्याला न टेकवता. बाहेरून मातीचा जाड थर आणून टाकायचा सल्लाही हे विक्रेते देतात. तो अजिबात ऐकू नका, त्याने जुन्या मुळांचा श्वास कोंडतो आणि मोठं झाडच धोक्यात येतं.

जाहिरात आणि ‘दोनदा पाणी घाला’ हे उत्तर, दोन्हींचे स्क्रीनशॉट ज्या सेवेतून पैसे भरले होते तिच्याकडे पाठवले तेव्हा काही रक्कम परत मिळाली. ते दुकान आता बंद दिसतं. पण तीच निळी पानं आणि तोच गुलाबी तुरा दुसऱ्या नावाने अजून विकायला आहेत, जाहिरातीतली वाक्यंसुद्धा जशीच्या तशी.