चिलखती गाडीच्या स्टिअरिंगवर आठ महिने

आमच्या तुकडीला चिलखती गाडी मिळाली आणि ती चालवायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता आठ महिने झाले. गाडी घ्यायच्या आधी सगळी चर्चा पोलाद किती जाड आणि काच कुठल्या दर्जाची यावरच झाली होती. आज कुणी विचारलं, तर मी आधी बिजागऱ्यांबद्दल बोलेन.

दार सपाटीवर एका हाताने ढकलता येतं. गाडी उतारावर उभी असली की तेच दार अंगावर येतं; एकदा सहकाऱ्याची बोटं थोडक्यात वाचली. सहाव्या महिन्यात माझ्या बाजूचं दार स्वतःच्याच वजनाने खाली बसलं. कडी लागेना, खांद्याने उचलून धरावं लागायचं. बिजागऱ्या बदलेपर्यंत गाडी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती आणि ते नऊही दिवस माझा जीव टांगणीला होता.

बुलेटप्रूफ काच म्हणजे काच आणि पॉलिकार्बोनेटचे एकमेकांना चिकटवलेले थर. आमच्या पुढच्या काचेच्या कडेला आताच दुधाळ पट्टा धरलाय, रात्री समोरचे दिवे पसरट दिसतात. कागदावर ती बीआर6 या दर्जाची आहे. युरोपच्या ईएन 1063 कसोटीत या दर्जाच्या काचेवर 10 मीटरवरून रायफलच्या तीन गोळ्या 120 मिलिमीटरच्या त्रिकोणात झाडतात आणि एकही पार जाता कामा नये. पण ही परीक्षा काचेची झाली. चौकट, दाराची फट, कुलपाची जागा यांचं काय? खरेदी करणाऱ्यांनी अख्ख्या गाडीचा चाचणी अहवाल मागून घ्यावा, काचेच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये.

चालवताना ब्रेक खूप आधी दाबावा लागतो. वळणावर वरचं वजन झुकतं. बॉनेटजवळ मूल उभं असेल तर ते दिसत नाही, म्हणून वस्तीत आमचा एक माणूस कायम पुढे पायी चालतो. हा नियम मी कधीच मोडत नाही.

फुकट मिळते म्हणून गाडी घ्यावी का, हेही विचारलं जातं. अमेरिकेत 1033 या योजनेखाली लष्कराकडचं जादा सामान पोलिसांना मिळतं, त्यात सुरुंगरोधक गाड्याही आल्या. गाडीची किंमत पडत नाही, पण ती आणण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च घेणाऱ्यावर असतो. शिवाय मिळालेलं सामान वर्षभरात वापरात आणायची अट असते. मला ती अट साफ चुकीची वाटते. गाडी गरजेला बाहेर काढायची असते, हिशेबात दाखवायला नाही. ऑगस्ट 2014 मध्ये तिथल्याच फर्ग्युसन शहरात निदर्शकांसमोर चिलखती गाडीच्या टपावरून बंदूक रोखलेला पोलीस जगाने पाहिला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराच्या नगरपरिषदेने पोलिसांना मिळालेली अशी गाडी परत करायचं ठरवलं. उलट 1997 मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या बँक दरोड्यात जखमींना काढायला पोलिसांना पैसे वाहणारी चिलखती गाडी वापरावी लागली होती. गाडी कधी काढायची आणि ते कुणी ठरवायचं, हे गाडी येण्याआधीच लिहून ठेवलेलं असावं. आमच्याकडे ते पाचव्या महिन्यात लिहिलं गेलं.

सातव्या महिन्यात एकाने घरात स्वतःला कोंडून घेऊन गोळ्या झाडायला सुरुवात केली. शेजारच्या घरात एक आजी एकट्याच अडकल्या होत्या. मी गाडी दोन घरांच्या मधे आडवी लावली आणि मागचं दार त्यांच्या उंबऱ्यासमोर आणलं. त्या वेळी हे सगळं वजन मला हवंहवंसं वाटलं. दोन गोळ्या पोलादावर आपटल्या, आत घण घातल्यासारखा आवाज झाला. आजी दारापर्यंत आल्या, पण मागची पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर. “बाळा, पाय नाही रे उचलत,” म्हणाल्या. दोघांनी उतरून त्यांना उचललं, म्हणजे दोघेही काही क्षण उघड्यावर होते.

खाली उतरणारी घडीची पायरी बसवावी, असा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. पायरी अजून बसलेली नाही, तोवर आम्ही एक लाकडी स्टूल मागच्या सीटखाली बांधून ठेवलंय.